ब्याण्णव ग्रॅम

निपाणीत जिथं पूर्वी तंबाखूची वखार होती
तिथं आता आम्ही शेंगदाणे निवडतो.
भिंतींनी वास सोडलेला नाही अजून.
दमट हवेला दोन-चार शिंका येतातच,
मग शिवलिंगव्वा ओरडते, तोंडाला फडकं बांधा,
हे बाळांच्या तोंडात जायचंय.

काळा दाणा वेगळा. सुरकुतलेला वेगळा.
वीस वर्षं विड्या वळून
माझ्या बोटांचं जे व्हायचं ते झालंय,
पण खवट दाणा त्यांना अंधारातही कळतो.
पुढचं सगळं काचेपलीकडं:
दळण, दूध पावडर, साखर, तेल,
आणि शेवटी चंदेरी पुडी. ब्याण्णव ग्रॅम.
पाणी नको, चूल नको, भांडं नको,
कोपरा फाडायचा आणि पोरानं चोखायचं.
जिथं विहिरीत कुणीतरी काहीतरी टाकलंय
आणि धूर दिसला की विमान येतं,
तिथं असंच जेवण लागतं म्हणे.

म्हणे म्हणजे आदगोंडा म्हणतो. माझ्या थोरल्या बहिणीचा.
बोरगावच्या सोसायटीत पोती मोजायचा,
आता निळ्या झेंड्याच्या गोदामात पोती मोजतो;
देशाचं नाव मला नीट घेता येत नाही.
फोन लागला की आधी पुडीवरचा नंबर सांगतो,
"मावशी, तुमच्याकडचा माल पोचला."

मागच्या खेपेला नाही सांगितला.
अकरा ट्रक एका दोरीपाशी उभे, नऊ दिवस.
अलीकडचे म्हणायचे, पलीकडच्यांची पोरं खातील.
पलीकडचे म्हणायचे, अलीकडून आलंय, विष असेल.
नाका म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको.
कोगनोळीला एसटी अडवलेली मी बघितलीय,
पाट्यांवर डांबर, काचेला दगड,
मधल्या सीटवर बाळंतीण, डब्यातली पेज सांडलेली.
पण इथं संध्याकाळी रस्ता सुटतो.
भांडणारे दोघंही घरी जाऊन जेवतात.

"मग काय केलंस रे?"
"चहा प्यालो त्यांच्याबरोबर. रोज.
दहाव्या दिवशी दोरी खाली आली.
सात ट्रक सोडले, चार ठेवून घेतले."
मी म्हटलं, हे कसलं रे लढणं.
म्हणाला, हेच.

दिवाळीला आला तेव्हा खिशात एक कागदी पट्टी.
पोराच्या दंडाला लावायची: हिरवं, पिवळं, तांबडं.
जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या हसत होतो,
मनगटाला, वेणीला, चहाच्या कपाला गुंडाळून बघत होतो.
जुलेखानं नातू पुढं केला, दोन वर्षांचा.
पट्टी हिरव्यावर थांबली नाही.
पिवळ्यात गेली,
पिवळ्यातच अजून थोडी सरकली.
कुणी काही बोललं नाही.
काचेआड पुड्या पडत होत्या, टप, टप,
सगळ्या मोजलेल्या, सगळ्यांवर दूरचा पत्ता.
शिवलिंगव्वानं पोर मांडीवर घेतलं
आणि स्वतःच्या डब्यातला दहीभात
कानडीत काहीतरी पुटपुटत भरवायला लागली.

अष्टमीचा उपास मी धरते.
उपासमार माणसाला धरते.
कानडीत भुकेला हसिवु म्हणतात;
इतकी वर्षं मला त्यात हसूच ऐकू यायचं.

निघताना आदगोंडाला विचारलं,
तिकडची माणसं भेटली की काय म्हणतात?
"आपल्यासारखंच. जेवलास का. ऊटा आयता.
एका म्हातारीनं विचारलं,
तिच्या घरात तीन दिवस काही नव्हतं."
"मग तू काय सांगितलंस?"
"जेवलो म्हटलं."
आणि खाली वाकून बॅगेची चेन लावत बसला.
लागलेलीच होती ती.